फीपेक्षा जुलै ते मार्च कठीण: कमी उत्पन्नात नागपुरात एम.एस्सी. करायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मुलगी भिवापूर तालुक्यातली, वय २२, यंदा बी.एस्सी. झाली, ७४ टक्के. वडिलांचं दोन एकर कोरडवाहू वावर, बाकी मजुरी. आई हंगामात मिरचीच्या सातऱ्यावर (मिरच्या वाळवून निवडायच्या जागेवर) कामाला जाते. घरात वर्षाला ८०,००० रुपयांच्या आसपास येतात. तिला रसायनशास्त्रात एम.एस्सी. करायची आहे. नागपुरातल्या एका विनाअनुदानित कॉलेजने ‘आत्ता ५,००० भरून जागा पक्की करा, बाकी फी स्कॉलरशिपमधून होऊन जाईल’ असं सांगितलं आहे. रूम आणि मेस मिळून महिन्याला ६,५०० लागतील असा तिचा हिशेब. आई गटातून मायक्रोफायनान्सचं कर्ज उचलायला तयार आहे, वडील म्हणतात एक वर्ष थांब, काम कर, पैसे जमव. तिचा प्रश्न एवढाच: आमच्यासारख्यांनी याच्या मागे लागावं का?

तुला तू म्हणते, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची आहेस. मी नागपुरातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं आणि त्यातली बरीच वर्षं शिष्यवृत्ती कक्षाचं कामही माझ्याकडे होतं. मुलांचे अर्ज तपासायचे, त्रुटी निघाल्या की त्यांना बोलवायचं, समाजकल्याणच्या कार्यालयात पाठपुरावा करायचा. त्या कामातून जे कळलं त्यावरून सांगते: हो, मागे लागावं. तुझ्यापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरातली मुलं एम.एस्सी. करून गेलेली मी पाहिली आहेत. पण तू कॉलेजपासून सुरुवात केलीस, मग फी, मग राहणं, शेवटी कर्ज. हा क्रम उलटा करावा लागेल. आधी राहायची आणि जेवायची सोय, मग त्याला धरून कॉलेज.

असं का म्हणते? तुझ्या प्रश्नात फीचा आकडा सगळ्यात मोठा दिसतो, म्हणून तुझं सगळं लक्ष तिकडे आहे. पण तुझ्या उत्पन्नगटातल्या मुलीसाठी फीचा बराचसा भार उचलणाऱ्या योजना आहेत. अडचण ही की ते पैसे उशिरा येतात. महाडीबीटी या राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज साधारण पावसाळ्यात सुरू होतात, मुदत वाढत जाते, मग कॉलेजची पडताळणी, मग विभागाची. माझ्या अनुभवात पहिला हप्ता दिवाळीनंतर कधीतरी, पुष्कळदा मार्चच्या आसपास आणि काही वर्षी त्याहूनही पुढे गेलेला आहे. आता तुझा ६,५०० चा हिशेब जुलै ते मार्च असा मांड. नऊ महिन्यांचे ५८,५०० होतात. तुमच्या घराच्या वर्षभराच्या कमाईतला जवळजवळ पाऊण वाटा. हे पैसे शिष्यवृत्ती यायच्या आधी लागणार आहेत.

गरीब घरातली मुलं प्रवेशाच्या वेळी फारशी गळत नाहीत. तेव्हा सगळे मिळून काहीतरी करतात. मामा देतो, शेळी विकली जाते, कोणी उसने देतं. गळती होते दिवाळीच्या सुट्टीत. मेसचे तीन महिने थकलेले असतात, घरमालक विचारत असतो, मूल घरी जातं आणि परत येत नाही. पहिल्या सत्राचा निकाल चांगला असूनही येत नाही. त्यामुळे एम.एस्सी.ची फी कशी भरू याआधी तुला दुसरा प्रश्न सोडवायचा आहे: पहिले नऊ महिने नागपुरात कमीत कमी पैशांत कशी राहू? तो सुटला तर बाकीचं जमतं.

आता राहण्याबद्दल. तू तुझा प्रवर्ग कळवलेला नाहीस आणि पुढचं बरंचसं त्यावर अवलंबून आहे, म्हणून प्रत्येकाचं सांगते.

अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असशील तर सामाजिक न्याय विभागाचं मुलींचं शासकीय वसतिगृह हा पहिला अर्ज. तिथे राहणं आणि जेवण मोफत असतं. जागा मिळाली तर तुझा ६,५०० चा आकडा हिशेबातून जवळजवळ निघूनच जातो. नाही मिळाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. वसतिगृहासाठी पात्र असूनही प्रवेश न मिळालेल्यांना ती रोख मदत देते. नागपूरसाठी ती वर्षाला ६०,००० रुपये आहे: भोजनाचे ३२,०००, निवासाचे २०,००० आणि निर्वाहाचे ८,०००. पालकांच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख, तू त्याच्या पुष्कळ आत आहेस. वसतिगृहाचा अर्ज मात्र आधी केलेला हवा. ‘वसतिगृहात नंबर लागणार नाहीच, कशाला भरायचा फॉर्म’ म्हणून मुली तो टाळतात आणि स्वाधारच्या वेळी अडकतात.

अनुसूचित जमातीची असशील तर हीच वाट आदिवासी विकास विभागाची. त्यांची वसतिगृहं आणि प्रवेश न मिळाल्यास पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती, भटक्या जमाती किंवा विशेष मागास प्रवर्गात असशील तर ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना पाहा. ती स्वाधारच्या धर्तीवरच आहे, पण प्रत्येक जिल्ह्यासाठी लाभार्थ्यांची संख्या ठरलेली असते, त्यामुळे गुण आणि वेळेवर केलेला अर्ज दोन्हींना महत्त्व. इतर मागास बहुजन कल्याण विभागाची स्वतःची वसतिगृहंही अलीकडे भाड्याच्या इमारतींत सुरू झाली आहेत. खुल्या प्रवर्गातली किंवा मराठा समाजातली असशील तर डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजनेची चौकशी कर. ती अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी आहे. दोन एकरांचा कास्तकार अल्पभूधारकच ठरतो, पण तसा दाखला काढलेला असावा लागतो. ही योजना तुझ्या अभ्यासक्रमाला लागू होते का, हे ज्या कॉलेजात जाशील तिथल्या शिष्यवृत्ती कक्षात विचारून घे. सगळ्या अभ्यासक्रमांना ती सारखी लागू नाही.

यातल्या रोख योजनांचं गणितही नीट समजून घे. ६०,००० भागिले १२ म्हणजे महिन्याला ५,०००. तुझा खर्च ६,५००. शिवाय हे पैसे हप्त्याने येतात, उपस्थिती पाहून येतात आणि उशिरा येतात. म्हणून रोख मदतीपेक्षा वसतिगृहातली खाट मोलाची. तिथे जेवण पहिल्या दिवसापासून मिळतं, हप्त्याची वाट पाहावी लागत नाही. मुलींना वसतिगृह नको वाटतं, नियम असतात, खोलीत चार-चार जणी असतात. तरीही मी प्रत्येकीला तेच सुचवत आले. विद्यापीठाचंही मुलींचं वसतिगृह आहे. कॅम्पसवरच्या विभागात प्रवेश झाला तर त्याच दिवशी तिथला अर्ज मागून घे.

भिवापूरहून अपडाउन करायचा विचार मनात असेल तर तो सोड. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे सुट्टीला घरी जाणं परवडतं. पण रसायनशास्त्राचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालतं. उमरेडमार्गे रोजचं जाणं-येणं केलं तर दिवसाचे चार-पाच तास बसमध्ये जातात. बी.ए.ला ते जमून जातं, एम.एस्सी.च्या प्रयोगशाळेला नाही.

आता कॉलेज. तुला जागा देऊ केलेल्या कॉलेजबद्दल मी काही म्हणत नाही, ते चांगलंही असेल. पण तुझ्या परिस्थितीत पहिल्या दोन निवडी अशा हव्यात: राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा अमरावती रोड कॅम्पसवरचा रसायनशास्त्र विभाग आणि सिव्हिल लाइन्समधली शासकीय विज्ञान संस्था. ही संस्था १९०६ पासूनची, सरकारी आहे. दोन्हीकडे गुणवत्तेवर प्रवेश होतो आणि फी खाजगीच्या मानाने पुष्कळ कमी असते. फी कमी असली की शिष्यवृत्ती सहा महिने रेंगाळली तरी कोणी तुला परीक्षेचा फॉर्म भरण्यावरून अडवत नाही. ७४ टक्क्यांवर तिथे नंबर लागेल की नाही हे त्या वर्षीच्या यादीवर आणि प्रवर्गावर ठरतं, पण अर्ज न करण्याइतके गुण कमी नाहीत. दोन्ही ठिकाणचे फॉर्म भर आणि सगळ्या फेऱ्या संपेपर्यंत थांब. शेवटच्या फेरीत जागा मिळालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याच्या आधीच घाबरून दुसरीकडे पूर्ण फी भरून बसलेल्याही पाहिल्या आहेत.

तिसरी निवड जुनी अनुदानित कॉलेजं. इथे एक गोष्ट बहुतेक पालकांना माहीत नसते. कॉलेज अनुदानित असलं तरी त्यातली एम.एस्सी.ची तुकडी बहुधा विनाअनुदानित असते. पाटीवर काय लिहिलंय यावर जाऊ नकोस. ऑफिसात जाऊन स्पष्ट विचार: ‘केमिस्ट्रीचा पी.जी. कोर्स ग्रँटवर आहे की नॉन-ग्रँट?’

ज्या कॉलेजने तुला ५,००० मागितले त्यांनाही काही विचार आणि उत्तर शक्यतो कागदावर घे. माझा प्रवेश गुणवत्ता यादीतून होतोय की व्यवस्थापन कोट्यातून? व्यवस्थापन कोट्यातल्या प्रवेशाला शिष्यवृत्ती मिळत नाही, त्यामुळे ‘स्कॉलरशिप मिळेलच’ या वाक्याचा सगळा भार या एका उत्तरावर आहे. दुसरं, महाडीबीटीवर तुमच्या कॉलेजच्या नावाखाली हा अभ्यासक्रम दिसतो का? अर्ज भरताना यादीतून कॉलेज आणि कोर्स निवडायचा असतो, नवीन कोर्स कधी कधी तिथे चढवलेलाच नसतो. तिसरं, एकूण फीतली मंजूर शिक्षण शुल्काची रक्कम किती आणि बाकी किती? शिष्यवृत्ती मंजूर शुल्क देते. विकास निधी, प्रयोगशाळा अनामत, गणवेश, ‘इतर’ या रकमा तुझ्या खिशातून जातात, आणि काही ठिकाणी त्याच जड असतात.

५,००० भरलेच, किंवा भरावे लागले, तर पावती घे आणि मूळ गुणपत्रिका, टी.सी. अडकवून ठेवू देऊ नकोस. यू.जी.सी.ने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०१८ साली याबद्दल स्पष्ट सूचना काढल्या आहेत. संस्थेने मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत, आणि प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या पंधरा दिवस आधी किंवा त्याहून लवकर प्रवेश रद्द केला तर प्रक्रिया शुल्काची छोटी रक्कम वगळता भरलेली फी परत द्यायची. त्यानंतर टप्प्याटप्प्याने कपात वाढते आणि शेवटच्या तारखेला एक महिना उलटून गेला की काहीच मिळत नाही. म्हणजे विद्यापीठाच्या यादीत नाव आलं तर त्याच दिवशी इकडचा रद्दीचा अर्ज, आणि त्यावर तारखेचा शिक्का मारलेली पोच.

कॉलेजच्या बाबतीत मी एवढी ताणून का धरते, त्याला आणखी एक कारण आहे. शिष्यवृत्ती एका वर्गासाठी एकदाच मिळते. चुकीच्या ठिकाणी प्रथम वर्षाची शिष्यवृत्ती उचललीस आणि पुढच्या वर्षी दुसरीकडे पुन्हा प्रथम वर्षाला बसलीस, तर त्या वर्षाची पुन्हा मिळत नाही. एक एम.एस्सी. झाल्यावर दुसऱ्या विषयात एम.ए. किंवा एम.एस्सी. करायची म्हटलं तरी तोच अडसर येतो.

फीच्या योजना आता थोडक्यात, कारण महाडीबीटीवर प्रवर्ग आणि उत्पन्न टाकलं की त्या स्वतःच समोर येतात. मागास प्रवर्गांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती, ज्यात शुल्क आणि काही भत्ता येतो. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, जिची उत्पन्नमर्यादा ८ लाख आहे. परत मिळणाऱ्या फीचं प्रमाण अभ्यासक्रम आणि कॉलेजप्रमाणे बदलतं. ‘मुलींना आता सगळं शिक्षण फुकट’ असं गावात तुझ्या कानावर आलं असेल. २०२४ चा तो शासन निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांचा आहे, इंजिनिअरिंग, फार्मसी, व्यवस्थापन, कायदा असे. साध्या एम.एस्सी.साठी त्यावर विसंबू नकोस.

एक केंद्राची योजना मात्र अर्ज करण्यासारखी आहे: यू.जी.सी.ची पदव्युत्तर शिक्षणासाठीची राष्ट्रीय शिष्यवृत्ती. महिन्याला १५,००० रुपये, वर्षातून दहा महिने, दोन वर्षं. देशभरात दरवर्षी १०,००० जणांना मिळते, त्यातल्या ३० टक्के जागा मुलींसाठी. पदवीच्या गुणांवर निवड होते, प्रथम वर्षाला नियमित प्रवेश हवा, वय तिशीच्या आत. अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर करायचा. मिळाली तर तुझे सगळेच प्रश्न मिटतात. पण स्पर्धा देशभराची आहे, म्हणून अर्ज कर आणि हिशेबात तिला शून्य धर. मिळालीच तर दुसरी शिष्यवृत्ती सोबत घेता येत नाही, तेव्हा कोणती ठेवायची ते ठरव.

आता कागदपत्रं आणि बँक. इथेच सगळ्यात जास्त अर्ज मरतात.

उत्पन्नाचा दाखला या आर्थिक वर्षाचा हवा. तलाठ्याचा अहवाल, मग सेतू किंवा आपले सरकार केंद्र, मग तहसील. प्रवेशाच्या हंगामात तिथे गर्दी होते, आत्ताच काढून ठेव. जातीचा दाखला असेलच. जात वैधता प्रमाणपत्र आहे का? बारावी सायन्सनंतर बी.एस्सी.ला गेलेल्या पुष्कळ मुलींकडे ते नसतं, कारण तोवर कोणी मागितलेलं नसतं. नसेल तर अर्ज करून पावती तरी घे, त्याला महिने लागू शकतात. इतर मागासवर्गात असशील तर नॉन-क्रीमीलेअरची मुदत बघ. आणि सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग एकसारखं आहे का ते पाहा. आधारवर वडिलांचं नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरं, असे अर्ज हमखास परत येतात.

बँकेबद्दल ही गोष्ट पक्की लक्षात ठेव. सरकारी पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही. ते तुझ्या आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातात. तू लाडकी बहीणचा अर्ज केला असशील, त्या वेळी पोस्टात नवं खातं उघडलं असशील, तर बहुधा आधार आता त्या खात्याला जोडलेलं आहे. आमच्याकडे एका मुलीची शिष्यवृत्ती ‘आलीच नाही’ म्हणून कितीतरी दिवस शोध चालला होता. पैसे पोस्टाच्या खात्यात पडून होते, आणि ते खातं आपल्या नावावर आहे हेच ती विसरून गेली होती. बँकेत जाऊन ‘माझं आधार डी.बी.टी.साठी कोणत्या खात्याला जोडलेलं आहे’ असं विचार आणि ते खातं चालू ठेव.

अर्ज भरला म्हणजे काम झालं असंही नाही. तो आधी कॉलेजच्या लॉगिनवर जातो, कारकून तपासतो, मग प्राचार्यांच्या लॉगिनवरून विभागाकडे जातो. कॉलेजकडेच पडून राहिलेले अर्ज हे पैसे न मिळण्याचं फार मोठं कारण आहे. दर पंधरा दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघायची आणि पुढे सरकला नसेल तर कक्षात जाऊन उभं राहायचं. लाजू नकोस, आम्हाला त्याचा राग येत नव्हता. विचारणाऱ्यांचे अर्ज आधी हातात घेतले जातात, हे खरं आहे. अनुसूचित जातीच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो आणि त्यातली फी कॉलेजला नेऊन भरायची असते. ते पैसे आले की घरच्या दुसऱ्या कामात जाऊ देऊ नकोस. गेले तर पुढच्या वर्षी कॉलेज दारात उभं करत नाही, आणि घरच्यांना वाटतं मुलीनेच काहीतरी गोंधळ केला.

आता ते नऊ महिने. वसतिगृह मिळालं असं धरलं तरी वह्या-पुस्तकं, प्रॅक्टिकलचं सामान, परीक्षा फी, थोडा प्रवास लागतोच. नाही मिळालं तर दोघी-तिघींनी मिळून रूम करायची आणि स्वतः स्वयंपाक करायचा. गावाकडून तांदूळ-डाळ आणली तर तुझा ६,५०० चा आकडा बराच खाली येतो. कॅम्पसला जायचं असेल तर रविनगर, भरतनगर, गिट्टीखदान या बाजूला पाहा, रोजचा ऑटो वाचतो.

फीबद्दल प्रवेशाच्याच दिवशी विभागप्रमुखांना लेखी अर्ज दे: मी शिष्यवृत्तीला पात्र आहे, उत्पन्नाचा दाखला जोडला आहे, शुल्क हप्त्याने भरू द्यावं. तोंडी विचारलं की कारकून नाही म्हणतो. कागदावर दिलं की कोणालातरी त्यावर सही करावी लागते. बहुतेक कॉलेजांत विद्यार्थी सहाय्य निधी असतो, ग्रंथालयात गरजू मुलांसाठी पुस्तक पेढी असते, कमवा आणि शिका योजनेत ग्रंथालयात किंवा ऑफिसात दोन तासांचं काम मिळतं. हे सूचनाफलकावर ठळक कुठे लिहिलेलं नसतं, विचारलं तरच कळतं. शिकवण्या कर. रसायनशास्त्राची पदवीधर मुलगी आठवी ते दहावीचं विज्ञान आणि गणित चांगलं शिकवू शकते. घराजवळ दोन-तीन मुलं मिळाली तरी मेसच्या खर्चाला मोठा हातभार लागतो. पूर्णवेळ नोकरी मात्र करू नकोस. प्रॅक्टिकल चुकतात, उपस्थिती ७५ टक्क्यांच्या खाली जाते, आणि मग परीक्षाही जाते आणि शिष्यवृत्तीही.

वडील बांधकामावर मजुरीला जातात का? जात असतील आणि वर्षात ९० दिवस भरत असतील तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात त्यांची नोंदणी करा. मंडळ नोंदणी झालेल्या कामगारांच्या मुलांना उच्च शिक्षणासाठी दरवर्षी मदत देतं.

आता आईच्या कर्जाबद्दल, आणि इथे मी ठामपणे सांगते: ते उचलू देऊ नकोस. मायक्रोफायनान्सचा हप्ता आठवड्याला किंवा पंधरवड्याला असतो आणि कर्ज मिळाल्यावर लगेच सुरू होतो. ज्या धंद्यातून रोज पैसा फिरतो त्याच्यासाठी ते बनलेलं आहे. शिक्षणातून दोन वर्षं एक रुपया येणार नाही आणि सातऱ्यावरचं काम तर हंगामापुरतं. एक हप्ता चुकला की गटातल्या बाकीच्या बायका तुझ्या आईच्या दारात येतात, कारण जबाबदारी सगळ्यांची असते. मग एक कर्ज फेडायला दुसरं घेतलं जातं. मी हे घरोघरी पाहिलं आहे, आणि त्यात शेवटी मुलीचं शिक्षणच थांबतं. थोडे पैसे हवेतच असतील तर नातेवाइकांकडून बिनव्याजी, ठरलेल्या रकमेचे आणि शिष्यवृत्ती आली की आधी त्यांचे परत, असं घे.

बँकेच्या शैक्षणिक कर्जाकडे मी तुझ्या बाबतीत शेवटचा पर्याय म्हणून बघते. पी.एम. विद्यालक्ष्मी योजनेत तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज मिळतं, पण ते केंद्राने ठरवलेल्या यादीतल्या संस्थांसाठीच, आणि सरकारी शिष्यवृत्ती घेणाऱ्याला त्यातली व्याज सवलत मिळत नाही. शिक्षणाच्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं ती सोय तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे. सरकारी जागेवरच्या एम.एस्सी.ला कर्जाची गरज सहसा पडू नये. कर्जाशिवाय जमतच नसेल असं कॉलेज असेल, तर मी म्हणेन ते कॉलेज तुझ्यासाठी नाही.

वडिलांचं म्हणणं मी सहज बाजूला सारत नाही. त्यांना घराचं गणित तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त कळतं. गॅप पडल्याने शिष्यवृत्ती बुडत नाही, प्रतिज्ञापत्र देऊन प्रवेश मिळतो. पण थांबलेल्या मुलांपैकी परत आलेली थोडी आणि मुलींपैकी तर फारच थोडी. वर्षभरात स्थळं येऊ लागतात आणि जमवलेले पैसे घरातल्या पहिल्या आजारपणात संपतात. म्हणून माझं मत असं: सरकारी किंवा कॅम्पसची जागा मिळाली तर या वर्षीच जा, वसतिगृह मिळालं नाही तरीही. ती मिळालीच नाही आणि समोर फक्त महागडी विनाअनुदानित जागा उरली, तर वर्षभर थांबणं बरं. पण मग ते वर्ष नुसतं मजुरीचं नको. बुटीबोरी किंवा हिंगणा एम.आय.डी.सी.त प्रयोगशाळा सहायकाचं काम, सोबत पुढच्या वर्षीच्या जॅम आणि सी.यू.ई.टी. पी.जी. या एम.एस्सी.च्या देशपातळीवरच्या प्रवेशपरीक्षांचा अभ्यास, आणि जात वैधतेपासून सगळे कागद तयार. वडिलांना यातलं जसंच्या तसं सांग, तारखा आणि रकमांसकट. ‘माझं स्वप्न आहे’ म्हटलं की बाप गप्प होतो, पण त्याची काळजी जात नाही. ‘वसतिगृहाचा अर्ज भरलाय, फी इतकी आहे, तुमच्याकडून मला पहिल्या सहा महिन्यांत इतकेच लागतील’ असं म्हटलं की तो हिशेबात तुझ्यासोबत बसतो.

एम.एस्सी.च्या पुढचंही बघून ठेव, कारण त्यावरून दुसऱ्या वर्षाची आखणी ठरते. नुसत्या एम.एस्सी.वर कंपन्यांत क्वालिटी कंट्रोलची कामं मिळतात, सुरुवातीचा पगार मोठा नसतो. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतं, म्हणजे आणखी दोन वर्षं. संशोधनाकडे जायचं असेल तर शेवटच्या वर्षात असतानाच सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट ही परीक्षा देता येते. तिच्यातून जे.आर.एफ. ही संशोधनासाठीची अधिछात्रवृत्ती मिळाली तर जानेवारी २०२३ पासूनच्या दराने महिन्याला ३७,००० रुपये मिळतात. बार्टी, सारथी आणि आपल्या नागपुरातच मुख्यालय असलेली महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्त्या आहेत. म्हणजे पैशांची सगळ्यात जास्त ओढाताण ही पुढची दोन वर्षंच.

तर या आठवड्यात करायची कामं अशी. तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज आणि सोबत अल्पभूधारकाचा दाखला. बँकेत आधार कुठे जोडलंय त्याची चौकशी. विद्यापीठ विभाग आणि शासकीय विज्ञान संस्था या दोन्हींचे प्रवेश अर्ज. तुझ्या प्रवर्गाचं वसतिगृह कोणत्या कार्यालयाकडे आहे ते शोधून त्याचा फॉर्म. त्या कॉलेजला ५,००० देण्याआधी वर लिहिलेले तीन प्रश्न विचार.

आणि मला एवढं कळव: प्रवर्ग कोणता, जात वैधता आहे का, सातबारा वडिलांच्या नावावर आहे की आजोबांच्या, आणि ‘स्कॉलरशिप मिळेलच’ म्हणणाऱ्या त्या कॉलेजने कोट्याबद्दल काय सांगितलं. सातबारा आजोबांच्याच नावावर असेल तर अल्पभूधारकाच्या दाखल्याला वेगळी खटपट लागेल, ती कशी करायची ते तुझं उत्तर आल्यावर लिहिते.